खिळ्याविना सांगाडा: ग्रीनलंडच्या चामडी कयाकची लाकडी चौकट जोडण्याची रीत

ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर नाव बांधण्याजोगे लाकूड उगवत नाही. तेथील इनुइट लोकांच्या हाती शतकानुशतके जे लाकूड आले, ते सैबेरियातल्या नद्यांनी आर्क्टिक महासागरात लोटलेले आणि बर्फाबरोबर वाहत किनाऱ्याला लागलेले स्प्रूस, लार्च आणि पाइनचे ओंडके होते. असा ओंडका किती लांबीचा मिळेल, त्यातला किती भाग कामाचा निघेल, हे बांधणाऱ्याच्या हातात नसे. त्यामुळे कमी लाकडात, लहान तुकडे जोडून आणि धातूशिवाय कयाक, म्हणजे एका माणसाची अरुंद नाव, उभी करण्याचे एक पक्के शास्त्र तयार झाले. लाकडाचा सांगाडा खुंट्यांनी आणि चामड्याच्या दोऱ्यांनी बांधायचा आणि त्यावर सीलचे कातडे शिवून ताणायचे, ही ती रीत. कातडे शिवण्याचे काम बायकांचे असे आणि पाणी न झिरपणारा तो टाका हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे केवळ सांगाड्याचे सांधे पाहायचे आहेत. आज बहुतेक बांधणारे कातड्याऐवजी कॅनव्हास, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कापड वापरतात, पण आतल्या लाकडाची जोडणी जवळपास तीच राहिली आहे.

या जोडणीचे एक तत्त्व आधी नीट ध्यानात घ्यावे, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. खुंटी आणि कुसू (भोकात बसण्यासाठी तासलेले लाकडाचे टोक) हे लाकडाला जागेवर धरून ठेवतात, आणि ओढ दोरी घेते. लाटेवर सांगाडा किंचित पिळवटतो, आणि तो पिळवटलाच पाहिजे. ज्या सांध्याला तेवढी हालचाल करता येत नाही, तेथे लाकूड चिरते. म्हणूनच सर्व सांध्यांना इपॉक्सी लावून सांगाडा 'मजबूत' करण्याचा मोह टाळावा. सरस लावायचाच असेल तर तो पट्ट्यांची लांबी वाढवणाऱ्या तिरप्या सांध्यांपुरता ठेवावा.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपल्याकडच्या लाकडी होड्यांचे काम तळापासून सुरू होते: आधी पठाण (तळाचा कणा), मग वाखे (फासळ्या), मग फळ्या. ग्रीनलंडची कयाक मात्र वरून खाली बांधली जाते. आधी दोन्ही बाजूंच्या काठपट्ट्या, मग त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, मग फासळ्या, आणि सर्वांत शेवटी तळाच्या मधोमध जाणारी कण्याची पट्टी आणि फासळ्यांच्या दोन्ही बगलांच्या वळणांवरून जाणाऱ्या बगलपट्ट्या. या क्रमात प्रत्येक नव्या भागाचे माप आधी उभ्या असलेल्या भागावरून घेतले जाते, त्यामुळे कागदावरच्या आराखड्याची गरज फारशी उरत नाही.

मापे अंगावरून घ्यावीत

परंपरेत कयाक वापरणाऱ्याच्या अंगावर बेतली जाई, आणि प्रांतोप्रांतीचे आकार वेगळे असले तरी आजही हीच पद्धत सर्वांत सोयीची आहे. लांबी साधारण तीन वाव धरावी. दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर १७० सेंमी असेल, तर कयाक सुमारे ५१० सेंमी होते. सर्वांत रुंद जागी रुंदी म्हणजे बसल्यावरची नितंबांची रुंदी अधिक दोन मुठी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ५० सेंमीच्या आसपास. मांड्यांवरून जाणाऱ्या वाकड्या तुळईजवळची खोली म्हणजे मूठ आणि त्यावर ताणलेला अंगठा. केन टेलर या स्कॉटिश विद्यार्थ्याने १९५९ मध्ये पश्चिम ग्रीनलंडमधल्या इग्लोर्सुइट येथून स्वतःच्या मापाची बांधून घेतलेली कयाक पुढे अनेक आधुनिक कयाकांचा नमुना ठरली. अशा नमुन्यांवरून निघालेले आराखडे आज सहज मिळतात, पण दुसऱ्याच्या अंगावर बेतलेली नाव आपल्याला कमरेत सैल किंवा मांडीत घट्ट होऊ शकते, हे विसरू नये.

लाकूड

लांब पट्ट्यांसाठी हलके, सरळ धाग्याचे आणि गाठी नसलेले लाकूड हवे. स्प्रूस किंवा सीडर मिळाले तर उत्तमच. महाराष्ट्रातल्या वखारीत आयात केलेले पाइन आणि हिमालयातला देवदार तुलनेने सहज मिळतो. देवदार थोडा जड, पण टिकाऊ आहे. सागवान टिकण्याच्या बाबतीत अव्वल असले तरी सगळा सांगाडा सागाचा केला तर नाव उचलताना ते वजन जाणवते. काठपट्ट्या आणि नाळ (नावेच्या टोकाचा तुकडा) सागाची, बाकी पट्ट्या पाइनच्या, अशी वाटणी मला व्यवहार्य वाटते. वखारीत फळी निवडताना ती डोळ्यासमोर आडवी धरून तिच्या अरुंद कडेवरचा धागा पाहावा. पाच फुटांच्या आत धागा कडेबाहेर पळत असेल तर ती फळी काठपट्टीसाठी घेऊ नये, मग ती कितीही स्वच्छ दिसो.

फासळ्यांचे लाकूड वेगळे. ते वाफेवर वाकायला हवे, आणि त्यासाठी भट्टीत वाळवलेले लाकूड निरुपयोगी ठरते. परदेशात यासाठी ओक आणि अ‍ॅश वापरतात. आपल्याकडे तुतीचे लाकूड चांगले वाकते. हॉकीच्या काठ्यांसाठी ते वापरले जाते ते याच गुणामुळे. ताजे तोडलेले किंवा अर्धवट वाळलेले लाकूड घ्यावे, शक्य तर करवतीने न कापता धाग्याच्या दिशेने फोडावे, आणि वर्षवलये पट्टीच्या रुंद बाजूला समांतर येतील अशा रीतीने पट्ट्या काढाव्यात. पाच सूत रुंद आणि अडीच सूत जाड, म्हणजे सुमारे १६ बाय ८ मिमी, हे माप मध्यम बांध्याच्या माणसाच्या कयाकला पुरते. फासळ्या तीसेक लागतात, पण पंचेचाळीस तरी तयार ठेवाव्यात. वाकवताना काही तुटतातच.

काठपट्ट्या: सगळे काम सपाट असतानाच

दोन्ही काठपट्ट्या एकाच फळीतून, शेजारीशेजारी कापून काढाव्यात. याचे कारण दिसण्याशी निगडित नाही. एक पट्टी दुसरीपेक्षा थोडी जरी ताठ असली तरी ती कमी वाकते, आणि सगळी नाव केळ्यासारखी एका बाजूला वळते. कापल्यावर दोन्ही पट्ट्या दोन स्टुलांवर टोके टेकवून ठेवाव्यात, मधोमध सारखे वजन टांगावे आणि झोल मोजावा. फरक असेल तर ताठ पट्टीच्या आतल्या अंगाला रंधा मारून तो काढावा.

जाडी पाऊण इंच आणि मधली उंची सव्वादोन ते अडीच इंच ठेवावी. टोकांकडे उंची दीड इंचापर्यंत उतरवावी. एवढ्या लांबीची फळी सहसा मिळत नाही, तेव्हा ज्याला स्कार्फ म्हणतात तो तिरपा सांधा घ्यावा लागतो. त्याची तिरप जाडीच्या किमान आठपट असावी, म्हणजे पाऊण इंचाच्या पट्टीला सहा इंच. हा सांधा बैठकीच्या भागात येऊ देऊ नये, आणि दोन्ही बाजूंचे सांधे अगदी समोरासमोर न ठेवता त्यांत एखाद्या फुटाचे अंतर ठेवावे.

आता दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटवून शिकंज्यात धराव्यात आणि तुळयांच्या व फासळ्यांच्या सर्व खुणा दोन्हींवर एकदम, गुण्या लावून ओढाव्यात. पट्टी वाकल्यानंतर खूण करायला गेलात तर डावी आणि उजवी कधीच जुळत नाही. फासळ्यांच्या खुणा सुमारे १२ सेंमी अंतराने कराव्यात. मात्र फासळीची खाच तुळईच्या भोकाच्या थेट खाली येत असेल तर ती खूण बाजूला सरकवावी, कारण तेथे लाकूड वरून आणि खालून दोन्हीकडून कातरले जाते आणि पट्टी नेमकी तेथेच मोडते.

तुळईचे भोक आडवे लांबट असावे: ३० मिमी लांब आणि १० मिमी उंच, वरच्या कडेपासून २० मिमी खाली. उभे भोक पट्टीची उंची खाते, आणि पट्टीचे बळ उंचीतच असते. गिरमिटाने तीन छिद्रे पाडून पटाशीने कडा सरळ कराव्यात, आणि दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे काम करावे, म्हणजे बाहेरच्या अंगाला चिफळ्या उडत नाहीत. पट्ट्या नंतर बाहेर झुकलेल्या उभ्या राहणार असल्याने भोकही त्या झुकावाइतके तिरपे पाडावे लागते. फासळ्यांच्या खाचा खालच्या कडेत, पट्टीच्या जाडीच्या मधोमध, पाच सूत खोल घ्याव्यात. येथे घाई केली तर खाचेची भिंत फुटते; राउटर (खाचा पाडण्याचे विजेचे यंत्र) असेल तर हे काम त्यानेच करणे शहाणपणाचे.

पट्ट्या फाकवणे

सांगाड्याचा आकार या टप्प्यावर ठरतो, म्हणून येथे अर्धा दिवस जास्त गेला तरी जाऊ द्यावा. प्लायवूडचे तीन चौकटीवजा साचे करावेत: एक मधल्या सर्वांत रुंद जागेसाठी, एकेक पुढच्या आणि मागच्या भागासाठी. साच्याच्या बाजू उभ्या नसाव्यात. वरची कड बाहेर आणि खालची आत अशा सुमारे १५ ते १७ अंशांच्या झुकावावर त्या कापाव्यात. काठपट्ट्यांची टोके एकत्र आणून दोरीने आवळावीत, मग मधला साचा बसवावा, मग बाकीचे दोन. दोरीत काठी घालून पिळा दिला की टोके हव्या तेवढ्या ताकदीने जवळ येतात.

झुकवलेल्या पट्ट्या मधोमध फाकल्या की त्यांची टोके आपोआप वर उचलली जातात. कयाकच्या दोन्ही टोकांची ती सुरेख चढण अशी फुकट मिळते. ती जास्त वाटली तर साच्यांचा झुकाव कमी करावा, कमी वाटली तर वाढवावा. पट्टीची कड तासून चढण आणण्याचा प्रयत्न करू नये.

मग तपासणी. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मधोमध पक्की दोरी ताणावी आणि प्रत्येक साच्यापाशी तिच्यापासून दोन्ही पट्ट्यांचे अंतर मोजावे. त्यानंतर मधल्या साच्याच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांपासून दोन्ही टोकांपर्यंतची तिरपी अंतरे जुळवावीत. शेवटी दोन सरळ पट्ट्या पुढे आणि मागे काठांवर आडव्या ठेवून एका टोकाकडून डोळा लावून पाहावे. त्या एकमेकींना समांतर दिसल्या नाहीत तर चौकट पिळलेली आहे. हा पीळ आत्ता पाचरी घालून निघतो, पण तुळया बसल्यावर कशानेही निघत नाही.

तुळया आणि त्यांची कुसवे

साच्यांमधून तुळया एकेक करून बसवायच्या. साध्या तुळया सरळ असतात. बैठकीच्या पुढची, मांड्यांवर कमान धरणारी तुळई मात्र वाकडी असते. ग्रीनलंडमध्ये तिला मसिक म्हणतात, आणि कयाक कलंडली तर तिच्याच आधाराने माणूस मांड्यांनी नाव धरून ठेवतो. मसिकसाठी नैसर्गिक वाक असलेली फांदी किंवा मुळाजवळचा वळलेला तुकडा शोधावा. सरळ फळीतून कमान कापली तर टोकांशी धागा आडवा तुटतो आणि कुसू तेथूनच उडते. नैसर्गिक वाक मिळाला नाही तर पातळ पट्ट्या सरसाने चिकटवून साच्यात वळवलेली कमान चालेल.

जागा ठरवण्यासाठी जमिनीवर पाय सरळ करून बसावे. पायाच्या चवड्यांना टेकेल तेथे पाय रोवण्याची तुळई, गुडघ्यांच्या वर मांड्यांकडे मसिक, आणि पाठीच्या मागे हाताची वीतभर जागा सोडून मागची तुळई. मसिक आणि मागची तुळई यांमधून पाय सरळ आत सरकतात की नाही, हे प्रत्यक्ष चौकटीत बसून पाहावे आणि मगच भोके पाडावीत. वर सर्व खुणा एकदम करायला सांगितल्या, त्यात या तीन तुळयांचा अपवाद धरावा लागतो. त्यांच्या खुणा आधी पेन्सिलने हलक्या करून ठेवाव्यात.

कुसू कापताना मोजपट्टी बाजूला ठेवावी. तुळईचा तुकडा काठपट्ट्यांच्या वर, भोकांच्या बरोबर रेषेत आडवा ठेवावा आणि काठपट्टीच्या आतल्या कडेची रेष खालून टोकदार पेन्सिलने तुळईवर उतरवून घ्यावी. नाव टोकांकडे निमुळती होत असल्याने ही रेष तुळईशी काटकोनात कधीच नसते आणि डावी-उजवी एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात. झुकावाचा कोन बेव्हलने (कोन उतरवण्याच्या हत्याराने) वेगळा घ्यावा. म्हणजे कुसूच्या खांद्याला दोन कोन एकदम साधावे लागतात. पहिल्या दोन तुळया टाकाऊ लाकडात कापून हात बसवून घ्यावा. तुळई जेथे बसणार तेथे रुंदी खालच्या बाजूला कमी होते, हे खांदा कापताना विसरले तर वरून बंद दिसणारा सांधा खालून उघडा राहतो.

कुसू हाताने अर्धी आत जावी आणि उरलेली लाकडी मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. ठोके देताना काठपट्टीवर कान ठेवावा, असे जुने सुतार सांगतात. आवाज भरीव झाला की खांदा टेकला, आणि त्यानंतरही ठोकत राहिले तर पट्टी चिरते. खांद्याभोवती पातळ फट दिसत असेल तर सांधा न काढता त्या फटीतूनच बारीक दातांची करवत एकदा फिरवावी. दोन्ही कडा सारख्या कापल्या जातात आणि पुढच्या ठोक्याला सांधा मिटतो.

आता खुंटी आणि दोरी. खुंटी वरून, काठपट्टीच्या वरच्या कडेतून खाली, कुसू भेदून तिच्याखाली सुमारे १० मिमीपर्यंत जाते. दोरी आडव्या छिद्रांतून जाते. दोन्ही एकाच रेषेत आले तर दोरीचे छिद्र खुंटीलाच कापते, म्हणून कुसूच्या ३० मिमी रुंदीत एका अंगाला खुंटी आणि दुसऱ्या अंगाला दोरी असा बंदोबस्त करावा. खुंटीसाठी ५ मिमी जाडीचा, पक्क्या बांबूच्या सालीकडचा भाग उत्तम. ग्रीनलंडमध्ये यासाठी हाड, शिंग किंवा कठीण लाकूड वापरीत.

दोरीसाठी मेण लावलेला पॉलिएस्टरचा जाड दोरा घ्यावा. चामड्याच्या वस्तूंच्या कारागिरांना लागणारे सामान विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो. बंदरावर मिळणारी नायलॉनची जाळ्याची दोरी स्वस्त असली तरी नायलॉन पाण्यात फुगून लांबते, आणि कोरड्या अंगणात घट्ट बसलेला सांधा समुद्रात सैल होतो. बांधणी अशी करावी: तुळईत, काठपट्टीपासून दीड इंच आत, एक उभे छिद्र, काठपट्टीत कुसूच्या वर एक आणि खाली एक अशी दोन आडवी छिद्रे. दोरा तुळईच्या छिद्रातून वर काढावा, तुळईच्या पाठीवरून वरच्या छिद्रातून बाहेर न्यावा, काठपट्टीच्या बाहेरच्या अंगाने कुसूच्या टोकावरून खाली आणावा, खालच्या छिद्रातून आत घ्यावा आणि तुळईच्या पोटाखालून पुन्हा पहिल्या छिद्रात. असे चार वेढे घ्यावेत. बाहेरच्या अंगाला दोन छिद्रांच्या मधे पटाशीने उथळ चर पाडून दोरा त्यात बुडवावा, नाहीतर वर ताणलेले कापड नेमके त्या उंचवट्यावर घासून फाटते. प्रत्येक वेढा गोल काठीला गुंडाळून ओढावा. नुसत्या बोटांनी ओढलेला दोरा बोटे कापतो आणि तरीही सैल राहतो. चार वेढे झाल्यावर तुळई आणि काठपट्टी यांच्या कोपऱ्यात त्या वेढ्यांनाच आडवे दोन फेरे मारून आवळावे आणि दोन अर्ध्या गाठींनी बंद करावे. दोऱ्याचे टोक मेणबत्तीच्या आचेवर वितळवून दाबावे.

दोरीने शिवलेल्या नावांचे शास्त्र आपल्या किनाऱ्यालाही परके नव्हे. गोव्यात बांधलेले आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेले 'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे जहाज काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून उभे केले आहे. तेथे कवचाच्या फळ्याच एकमेकींना शिवल्या आहेत आणि येथे आतला सांगाडा बांधला जातो, एवढा मोठा फरक असला तरी सांध्याला हलण्याची मुभा ठेवण्याचा विचार सारखाच आहे.

सर्व तुळया बसल्यावर साचे काढून घ्यावेत. काठपट्ट्यांची टोके आता एकमेकींत नीट बसतील अशी तासून, दोन खुंट्या मारून आणि वर दोरीचे पाच-सहा वेढे देऊन कायमची बांधावीत.

फासळ्या

चौकट उलटी करून दोन लाकडी घोड्यांवर (टेकणांवर) ठेवावी, म्हणजे खाचा वर येतात. फासळ्यांच्या पट्ट्या निदान दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवलेल्या असाव्यात. वाफेची पेटी साध्या फळ्यांची करता येते. एका टोकाला गॅसवर ठेवलेल्या झाकणबंद भांड्यातून नळीने वाफ सोडायची, दुसरे टोक कापडाच्या बोळ्याने बंद करायचे. जाडीच्या इंचाला एक तास हा वाफेचा जुना हिशोब आहे, म्हणजे आपल्या अडीच सुती पट्टीला वीस मिनिटांच्या आसपास पुरते. जास्त वेळ ठेवले तर अधिक वाकेल असे वाटते, पण प्रत्यक्षात लाकूड कडक आणि ठिसूळ होऊ लागते.

लांबी काढण्यासाठी वेताची पातळ पट्टी घ्यावी, तिची टोके समोरासमोरच्या दोन खाचांत रोवावीत आणि मधे हवी तेवढी खोली येईपर्यंत ती आत-बाहेर सरकवावी. मधली, पुढच्या पाऊण भागावरची आणि मागच्या पाऊण भागावरची अशा तीन मुख्य फासळ्या आधी मापून बसवाव्यात. मग त्यांच्यावरून एक सरळ लवचीक पट्टी कण्याच्या जागी ठेवली की बाकीच्या फासळ्यांची खोली दिसू लागते.

पेटीतून पट्टी बाहेर काढल्यावर हातात वीसेक सेकंदच असतात. हातमोजे घालावेत. पट्टी गुडघ्यावर धरून आधी मधला सपाट भाग सोडावा आणि दोन्ही बगलांशी वळण द्यावे. तळ सपाटसर आणि बगलेशी आवळ वळण हा ग्रीनलंडच्या कयाकचा ढब आहे, अर्धगोल नव्हे. ग्रीनलंडमध्ये बांधणारे वळणाच्या जागी पट्टी आतल्या बाजूने दाढांनी चावून धागे दाबून घेत, म्हणजे ती बाहेरून न फुटता वळे. आपण त्या जागी आतल्या अंगाने पकडीने हलके दाबले तरी तोच परिणाम मिळतो. लगेच दोन्ही टोके खाचांत सरकवावीत आणि तळहाताने आकार बसवावा. मधून सुरुवात करून एकदा पुढची, एकदा मागची अशा क्रमाने टोकांकडे जावे. शेवटच्या दोन-तीन फासळ्यांना टोकदार वळण लागते. त्या दोन सुतांपर्यंत पातळ कराव्यात.

फासळ्या रात्रभर तशाच राहू द्याव्यात. दुसऱ्या दिवशी त्या थोड्या उघडलेल्या दिसतील. ते स्वाभाविक आहे. आता प्रत्येक टोकाला, काठपट्टीच्या बाजूने, काडीएवढी खुंटी मारून फासळी खाचेत अडकवावी. याही सांध्याला सरस नको.

कणा, नाळ आणि बगलपट्ट्या

कण्याची पट्टी पाऊण इंच जाड आणि सव्वा इंच उंच पुरते. ती फासळ्यांवर ठेवून आधी तात्पुरती, सुतळीने, चार-पाच ठिकाणी बांधावी आणि दूर जाऊन पाहावे. बाजूने पाहिल्यावर तिची रेष एकसंध वाहत गेली पाहिजे; वरून पाहिल्यावर ती ताणलेल्या दोरीशी जुळली पाहिजे. काही फासळ्या उंच राहतात, काही खाली. येथे नवखे लोक हमखास पट्टी खाली ओढून बांधतात, आणि मग पट्टीला पोक येते. फासळीने पट्टीकडे यायचे, पट्टीने फासळीकडे जायचे नाही. उंच फासळी पुन्हा ओली करून, गरम पाण्याचे फडके गुंडाळून दाबावी किंवा रंध्याने चाटावी. खाली राहिलेल्या फासळीला मधे लाकडाची चकती घालून दोरी आवळावी.

पुढची आणि मागची नाळ रुंद फळीतून कापावी. तिचा एक पाय कण्याच्या पट्टीशी तिरप्या सांध्याने मिळतो आणि वरचे टोक काठपट्ट्यांच्या मिळालेल्या टोकाखाली बसते. दोन्ही ठिकाणी एकेक खुंटी आणि त्यावर दोरी. नाळ थोडी जरी तिरकी बसली तरी नाव पाण्यात एका बाजूला ओढते, म्हणून खुंटी मारण्यापूर्वी ओळंबा लावून पाहावे.

कणा पक्का बांधताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे. पट्टीत फासळीच्या दोन्ही अंगांना एकेक छिद्र, त्यातून दोऱ्याचे तीन वेढे, आणि गाठ आतल्या बाजूला. काही बांधणारे एकच लांब दोरा सलग फिरवतात. त्यात वेळ वाचतो आणि ओढ सारखी राहते, पण तो एका जागी तुटला तर शेजारचे सांधेही ढिले पडतात. मी प्रत्येक सांधा सुटा बांधण्याच्या बाजूचा आहे.

बगलपट्ट्या याच रीतीने, दोन्ही बाजूंच्या एकदम पुढे नेत बांधाव्यात. एक बाजू पूर्ण करून दुसरी घेतली तर पहिलीच्या ताणाने सांगाडा पिळतो आणि आधी केलेली सगळी तपासणी वाया जाते. बगलपट्टी फासळीच्या वळणावर टेकते तेथे तिचे पोट रंध्याने किंचित तिरपे करावे, म्हणजे ती टोकावर न डगमगता सपाट बसते.

कापड चढवण्याआधी

बैठकीची गोल कड या सांगाड्याला जोडली जात नाही. ती मसिक आणि मागची तुळई यांवर नुसती टेकते आणि कापडाला शिवली जाते. कापडाचा ताणच तिला धरून ठेवतो. तेव्हा ती बांधण्याची खटपट करू नये. मसिकच्या पुढे आणि बैठकीच्या मागे वरच्या बाजूला दोन-दोन पातळ पट्ट्या मात्र तुळयांवर बांधाव्या लागतात, म्हणजे वरचे कापड तुळयांमधे झोल धरत नाही.

एक पातळ, लवचीक पट्टी घेऊन ती सांगाड्याच्या बाहेरून जागोजागी, काठपट्टीपासून बगलपट्टीवर आणि तेथून कण्यावर अशी टेकवून फिरवावी. ती फक्त या लांब पट्ट्यांना लागली पाहिजे. एखादी फासळी बाहेर डोकावून तिला लागत असेल तर कापड बसल्यावर तेथे आडवा उंचवटा येईल, पाणी अडेल आणि कापड झिजेल. अशी फासळी तासावी किंवा बदलावी. सर्व कडा काचकागदाने गोल कराव्यात, खुंट्यांची डोकी सपाट करावीत.

मग सांगाडा जमिनीवर ठेवून, खाली गादी घालून, आत बसून पाहावे. पायाची तुळई चवड्यांना नीट लागते का, मसिक मांड्यांना रुतते का, हे कळण्याची ही शेवटची संधी आहे. दोघांनी दोन टोके धरून हलका पीळ द्यावा. सांगाडा किंचित वळून परत आला पाहिजे आणि आवाज होता कामा नये. कुरकुर ऐकू आली तर ती कोणत्या सांध्यातून येते ते कान लावून शोधावे. बहुतेक वेळा एखाद्या तुळईचे वेढे सैल असतात, आणि ते कापून नव्याने बांधावेत, वरून आणखी दोरा गुंडाळू नये.

शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हात, सांध्यांच्या आतपर्यंत पोचतील असे, फडक्याने द्यावेत आणि पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. तेलाने भिजलेली फडकी कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि फडक्यांच्या ढिगाला आपोआप आग लागू शकते; ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत. तेल बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, दमट हवेत एक आठवडाही लागेल, कापडाला हात लावू नये.